चवदार तळ्याचे पाणी आणि प्रभुभोजनाचा पेला

महाबळेश्वरावरून उतरलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल याच बाणकोटच्या बाजूला आले आणि त्याच वर्षी वारले. १८२९ मध्ये जॉन विल्सन मराठी शिकायला या किनाऱ्यावर राहिले. शाळा निघाल्या, पुढे मिशनऱ्यांचा मुक्काम पुण्या-मुंबईकडे हलला. खाडीच्या आतल्या अंगाला ख्रिस्ती घरे आजही थोडीच. मोठ्या मंडळीत एखाद्याचा खोटेपणा गर्दीत झाकला जातो. चार घरांच्या मंडळीत तो उपासनेला आपल्याच शेजारी येऊन बसतो आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेला माणूस शास्त्राआधी त्यालाच वाचतो.

करिंथच्या मंडळीला पौलाने हेच बजावले होते. मूर्तीला वाहिलेले मांस खाण्यात तुला दोष वाटत नसेल, पण ते पाहून दुबळ्या मनाचा भाऊ ढासळणार असेल, तर ते सोड. मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी ‘अडखळण’ असा नेमका शब्द आहे. आमच्या मुलखात ही अडखळण मांसापेक्षा पाण्याची.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्य म्हणून पाणी नाकारलेली हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. तळ्यावरच्या हक्काच्या खटल्याचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. मधल्या काळात, १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि अनेक मिशनऱ्यांच्या आशा पालवल्या. बाबासाहेबांनी मात्र ख्रिस्ती माणसांचे वागणेही पारखले. दक्षिणेतल्या काही ख्रिस्ती देवळांत जातीजातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढेच त्यांनी सांगितले, की सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज लढला नाही. मला हे बोल बाहेरच्याची टीका वाटत नाहीत. गावकुसाबाहेरून मंडळीत आलेल्या माणसाने ज्या पेल्यातून प्रभुभोजन घेतले, त्यावरून कुणी नाक मुरडले असेल, तर त्याची श्रद्धा कशावर टिकावी?

उलट उदाहरणही कोकणातलेच. दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली वर्षे म्हणजे ताटातूट, नातलगांचा रोष आणि पुन्हा सुरू झालेला संसार. सक्ती नव्हती. लक्ष्मीबाईंनी आधी सोवळे पाळले, मग स्वतःच्या विचाराने ते एकेक पायरी सोडले. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते, की त्यांना प्रवचनांपेक्षा घरातला माणूस दिसत होता; त्याचा तापट, विसरभोळा स्वभाव आणि गरजूला हातातले देऊन टाकण्याची सवय, दोन्ही. निर्दोष माणूस लागत नाही, खरा लागतो, असे मी त्यातून शिकलो. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही.

महाडला मनुस्मृती जाळली गेली ती २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी. त्या स्मरणासाठी आजही दूरदूरची माणसे येतात. नाताळची उपासना आटोपली, की इथल्या ख्रिस्ती घरांनी मुलांना घेऊन चवदार तळ्यावर जावे, आलेल्यांना पाणी द्यावे आणि त्यांच्या हातचे प्यावे, असे मला फार वाटते.