चारही चाकांचा धूर

कॅन्टीनमध्ये आम्ही चौघं एकाच मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो. व्हिडिओ जुनाच, २०१४ चा. ‘जिमखाना सेव्हन’. लॉस एंजेलिसचे रिकामे केलेले रस्ते आणि त्यावर १९६५ सालच्या मॉडेलची एक काळपट फोर्ड मस्टँग अशी काही गरगरतेय की समोरचा वडापाव गार झाला तरी कुणाला पत्ता नाही. स्टीअरिंगवर केन ब्लॉक. २०२३ च्या जानेवारीत स्नोमोबाइलच्या अपघातात तो गेला, पण त्याचे व्हिडिओ अजून हॉस्टेलांमध्ये रात्री-अपरात्री लागतात.

मेकॅनिकलच्या मित्राने मध्येच स्क्रीनवर बोट ठेवून व्हिडिओ थांबवला. ‘‘पुढची चाकं बघ.’’

बघितली. टायरमधून धूर निघत होता. ‘‘मग?’’

त्याने माझ्याकडे, मास कॉमवाल्यांकडे बघतात तसं बघितलं. ‘‘अगं, मस्टँग रिअर-व्हील ड्राइव्ह असते. इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं नुसती वळायला. मग ती धूर कुठून काढतायत?’’

उत्तर सोपं आहे. ही मस्टँग ऑल-व्हील ड्राइव्ह केलेली होती. ‘हूनिकॉर्न’ हे तिचं नाव. ६.७ लिटरचं व्ही-एट इंजिन, ८४५ हॉर्सपॉवर, आणि ती ताकद चारही चाकांना. गाडी बनवायला दोन वर्षं लागली. आता मला प्रश्न पडला की एक जादाचा दांडा पुढे न्यायला दोन वर्षं कशाला लागतात? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला ही माझी चूक. पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

सुरुवात नाशिकला घरी गेले तेव्हा झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे आणि तिथे लिफ्टवर एक थार चढवलेली होती. (नाशिकला थार बघायला मिळणं यात विशेष काही नाही, ती बनतेच तिथे.) मिस्त्रीदादांना म्हटलं, मला खालून बघायचंय. त्यांनी आधी माझ्या पांढऱ्या कुर्त्याकडे बघितलं, मग टॉर्च दिला.

फोर-बाय-फोर थार ही मुळात मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्स, तिथून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शिअलमधून दोन चाकांना ताकद वाटली जाते. फोर-बाय-फोरसाठी गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. गिअरशेजारचा छोटा दांडा फोर-एचवर टाकला की या डब्यातून दुसरा शाफ्ट उलटा पुढे फिरायला लागतो, पुढच्या डिफरन्शिअलपर्यंत. ‘‘झालं, एवढंच,’’ दादा म्हणाले. मग लगेच, ‘‘पण कोरड्या डांबरावर फोर-एच टाकून वळायचं नाही हां ताई. गाडी अडखळते, आवाज करते.’’

हे ‘पण’ महत्त्वाचं निघालं. वळताना गाडीची चारही चाकं वेगवेगळ्या गोलावर चालतात. पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. थारमध्ये फोर-एच लागलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात, वाळूत चाक जरा घसरून हा फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग पीळ शाफ्टमध्ये साठतो. म्हणून ज्या गाडीला रोज, कोरड्या रस्त्यावर, वेगात चारही चाकांवर पळायचंय तिला पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये असं काहीतरी लागतं जे ताकदही वाटेल आणि वेगातला फरकही सोसेल. सेंटर डिफरन्शिअल, किंवा हवी तेवढीच ताकद पुढे सोडणारा क्लच.

आणि मग जागेचा प्रश्न. थार उंच आहे, तिच्या पोटाखाली मी निवांत उभी होते. स्पोर्ट्स कार रस्त्याला चिकटून चालते. इंजिन जितकं खाली बसवता येईल तितकं खाली बसवलेलं असतं. आता पुढचं डिफरन्शिअल हवं पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, आणि नेमकं तिथेच इंजिनचं ऑइलचं चेंबर लोंबत असतं. चाकांकडे जाणारे एक्सल या चेंबरच्या आडवे येतात. शेजारी स्टीअरिंगचा रॅक, सस्पेन्शनचे आर्म, खाली सगळं पेलणारा क्रॉसमेंबर. इंजिन वर उचलावं तर बॉनेट बंद होत नाही आणि गाडीचं वजन वर जातं. मित्राच्या भाषेत, वन आरके फ्लॅटमध्ये डबल बेड घालायचाय.

यावर सगळ्यात भारी तोडगा मला निस्सानचा वाटला. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये, म्हणजे आर-३२ मध्ये, त्यांनी पुढचं डिफरन्शिअल ऑइलच्या चेंबरलाच जोडलं आणि एका बाजूचा शाफ्ट सरळ चेंबरच्या पोटातून आरपार नेला. एरवी ती गाडी मागच्या चाकांवर चालते, मागची घसरायला लागली की कॉम्प्युटर पुढे ताकद पाठवतो, जास्तीत जास्त निम्मी. जपानच्या टूरिंग कार शर्यतींत १९९० ते १९९३ या काळात ती २९ पैकी २९ शर्यती जिंकली. ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ म्हणायला सुरुवात केली.

पण निस्सानने ती गाडी पहिल्यापासून तशी आखली होती. रस्त्यावरची तयार रिअर-व्हील गाडी घेऊन ती ऑल-व्हील करायची तर पुढचे हब बदला, कारण जुन्या हबमध्ये एक्सल घालायला भोकच नाही. सस्पेन्शनचा स्प्रिंग एक्सलच्या वाटेत येतो, तो हलवा. ट्रान्सफर केससाठी गाडीच्या मधला बोगदा कापून रुंद करा. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर जुळवा, नाहीतर मधला क्लच सतत घासून करपतो. यातली शेवटची गोष्ट बाहेरून दिसत नाही आणि तीच गाडी मारते. हूनिकॉर्नवाल्यांनी तर जुन्या मस्टँगच्या कवचाखाली नळ्यांचा नवाच सांगाडा घातला आणि फ्रान्सच्या सादेव कंपनीचा रेसिंगचा ऑल-व्हील गिअरबॉक्स बसवला. म्हणजे ती ‘बदललेली मस्टँग’ म्हणायची की मस्टँगचा मुखवटा घातलेली रॅली कार, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये अजून एकमत नाही.

हे वाचताना मला जे सापडलं त्याने मित्राचंही तोंड उघडं राहिलं. मस्टँग ऑल-व्हील करायची कल्पना केन ब्लॉकच्या टीमची नव्हतीच. ते काम १९६५ सालीच होऊन गेलं होतं.

गावाकडे ट्रॅक्टर बघितलाय ना? त्याच्या मागे नांगर जोडायचे तीन बिंदू असतात. तीन बिंदूंची ती जोडणी रुजवणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन. या आयरिश माणसाला शेवटच्या काळात वेड लागलं होतं ते साध्या मोटारींना चारही चाकांची ताकद देण्याचं. त्याच्या संशोधन कंपनीने पी-९९ नावाची फोर-व्हील ड्राइव्ह फॉर्म्युला वन गाडी बांधली. ती शर्यतीत उतरायच्या आधीच, १९६० मध्ये, फर्ग्युसन वारला. सप्टेंबर १९६१ मध्ये ऑल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने तीच गाडी पळवून गोल्ड कप जिंकला. ती जागतिक अजिंक्यपदातली शर्यत नव्हती, पण फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आजतागायत ती एकच. १९६९ मध्ये लोटस, मात्रा, मॅकलॅरन यांनीही प्रयत्न करून बघितले. तोवर टायर रुंद झाले होते, गाड्यांना पंख लागले होते. जड गाडी कुणाला नको होती.

तर या फर्ग्युसनच्या लोकांनी १९६५ मध्ये एक मस्टँग घेतली, तिला फोर-व्हील ड्राइव्ह बसवलं, वर विमानांसाठी बनलेल्या डनलॉपच्या यंत्रणेचे न लॉक होणारे ब्रेक दिले आणि डेट्रॉइटला म्हणाले, बघा. डेट्रॉइटने बघितलं आणि सोडून दिलं. ऑल-व्हील आणि अँटिलॉक ब्रेक असलेली मस्टँग, १९६५ मध्ये! मला ही गोष्ट कळल्यापासून हूनिकॉर्नचा व्हिडिओ बघताना उगाच वाईट वाटतं.

तेच तंत्र पुढच्या वर्षी इंग्लंडच्या जेन्सन कंपनीने घेतलं. त्यांची इंटरसेप्टर ही मागच्या चाकांवर चालणारी देखणी गाडी. तिच्यापासून त्यांनी जेन्सन एफएफ बनवली, फोर-व्हील ड्राइव्हची. ३७ टक्के ताकद पुढे, ६३ टक्के मागे. पुढचं सामान मावावं म्हणून गाडी चार इंच लांब करावी लागली. सगळी यंत्रणा अशी बसली होती की स्टीअरिंग डावीकडे नेताच येईना. म्हणजे अमेरिकेचं गिऱ्हाईक गेलं. किंमतही बरीच जास्त. १९७१ पर्यंत जेमतेम ३२० गाड्या बनल्या आणि संपलं. एका शाफ्टसाठी अख्खा देश हातचा गेला, असं मित्र म्हणाला. त्याला असल्या वाक्यांची हौस आहे.

बरं, एवढं करून मिळतं काय? पोर्शचं उदाहरण घ्या. त्यांनी १९८४ च्या पॅरिस-डकार रॅलीत फोर-व्हील ड्राइव्ह केलेली ९११ उतरवली आणि जिंकली. १९८९ मध्ये ते रस्त्यावर आलं, कॅरेरा फोर म्हणून. तिचीच रिअर-व्हील बहीण कॅरेरा टू १३५० किलोची होती आणि ही १४५०. शंभर किलो, म्हणजे मागच्या सीटवर दोन हॉस्टेलमेट कायमचे बसलेले. पावसात, बर्फात कॅरेरा फोर जास्त विश्वासाची. पण वळणात शिरताना तिचं नाक बाहेर ओढतं, अशी तक्रार ९११ च्या जुन्या भक्तांनी लगेच केली. त्यांना गाडी मागून ढकलणारी हवी होती. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम असलं की स्टीअरिंग हलकं, स्वच्छ बोलतं, असं ही मंडळी सांगतात. मी स्वतः आयुष्यात काकांची वॅगन-आर चालवलीय, त्यामुळे मत देत नाही. पण २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूने एम-फाइव्ह पहिल्यांदा ऑल-व्हील केली तेव्हा त्यात पुढची चाकं पूर्ण सोडवून टाकायची सोय दिली, हे बोलकं आहे. लाखोंचं सामान घालायचं आणि ते बंद करायचंही बटण द्यायचं.

एक गोष्ट मात्र मला मत देण्याइतकी माहीत आहे. गेल्या जुलैत आम्ही सहा जण एका मित्राच्या दादाच्या फोर-बाय-फोरमधून मुंबईकडे निघालो होतो. कसारा घाटात पाऊस असा की वायपरचा उपयोग नाही. दादाने फोर-एच टाकलं आणि म्हणाला, आता टेन्शन नाही. त्या भरवशावर वेग वाढला. उतारावरच्या एका वळणाला पुढचा ट्रक थांबलेला दिसला, दादाने ब्रेक दाबला आणि गाडी वळायचं सोडून सरळ जात राहिली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. पुढची पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागून कुणीतरी रडायला लागलं. ती मी होते.

तेव्हा वाटलं होतं, फोर-व्हील असूनही असं कसं? आता कळतंय, त्याचा संबंधच नव्हता. चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी पुढे ढकलायला. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबताना रस्त्याला धरून ठेवायचं काम टायर करतो, हाताच्या पंजाएवढ्या रबराने, आणि त्याला वर किती शाफ्ट फिरतायत याच्याशी देणंघेणं नसतं. उलट, चढावर आणि सरळ रस्त्यावर चाकं घसरत नाहीत, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते ड्रायव्हरला कळतच नाही. दादाला ब्रेक दाबल्यावर कळलं. त्याने त्यानंतर घरी कुणालाही न सांगता चारही टायर बदलले.

आणि ज्यांनी इथपर्यंत वाचून मनात गॅरेज उघडलंय त्यांच्यासाठी: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलंय. पुढचा एक्सल घालायला गाडीचा बोगदा कापलात की ती रस्त्यावर आणायची बात विसरा.

मित्राने म्हणूनच कॉम्प्युटरवर सुरू केलंय. रिअर-व्हील कूपे, कॅडमध्ये, लास्ट इयरचा मिनी प्रोजेक्ट म्हणून. कायदा नाही, वेल्डिंग नाही, खर्च नाही, त्याला वाटलं महिन्याभरात होईल. परवा विचारलं, कुठवर आलं? म्हणाला, ‘‘शाफ्ट चेंबरमधून काढला, निस्सानसारखा. बसला.’’

‘‘मग झालं की!’’

‘‘कुठलं झालं. आता स्टीअरिंग आडवं येतंय.’’