नाशिकच्या निवासी भागातील कोंबडीपालनाचे कायदे

नाशिक शहराच्या निवासी भागात घरगुती कोंबड्या पाळण्याविषयी स्वतंत्र असा एक कायदा नाही. महापालिका अधिनियम, उपद्रवविषयक फौजदारी तरतुदी, पशुरोग नियंत्रण आणि प्राणिक्रूरता प्रतिबंध यांविषयीचे कायदे एकत्र वाचल्यावरच याबाबतची स्थिती स्पष्ट होते. या कायद्यांचा भर कोंबड्यांच्या संख्येपेक्षा त्या कशा ठेवल्या जातात, विक्रीसाठी आहेत काय आणि शेजाऱ्यांना त्यांचा त्रास होतो काय, यांवर आहे.

पार्श्वभूमी

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. जुन्या नगरपालिकांबरोबर मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी यांसारखी गावेही तिच्या हद्दीत आली. या गावठाणांत परसदारी खुराडे असणे ही नेहमीची बाब होती. शहर तेथे नंतर पोहोचले. सिडकोच्या दाट वसाहतींत आणि सदनिकांच्या इमारतींत मात्र परसच नसल्याने तोच खुराडा गॅलरीत किंवा गच्चीवर जातो आणि वाद बहुधा तेथूनच सुरू होतो. देवळाली छावणी क्षेत्र महापालिकेच्या हद्दीबाहेर असून तेथे छावणी अधिनियम, २००६ लागू आहे.

महापालिका आणि नगररचना

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ होय. त्याच्या कलम ३७६ नुसार काही वस्तू बाळगण्यास व काही व्यवसाय चालवण्यास आयुक्तांचा परवाना लागतो. त्यामुळे घरच्या अंड्यांसाठी ठेवलेल्या चार कोंबड्या आणि विक्रीसाठी वाढवलेला थवा यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. व्यावसायिक कुक्कुटपालनाची जागा नगररचनेत शेती विभागात धरली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुक्कुटपालन केंद्र निवासी क्षेत्रापासून ५०० मीटर दूर असावे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० मधील आदेशानंतर या सूचना सुधारण्यात आल्या.

गृहनिर्माण संस्थांत सभासदाने इतरांना उपद्रव होईल असे काही करू नये, असा उपविधी असतो. गच्चीसारख्या सामाईक जागेत खुराडा ठेवण्यास संस्था हरकत घेऊ शकते.

उपद्रव

भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. एखाद्या कृतीमुळे कोणाची सोय किंवा फायदा होतो, एवढ्याने असा उपद्रव क्षम्य ठरत नाही. कलम २९२ नुसार त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. ज्याच्याविरुद्ध आदेश निघतो, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. मात्र त्रास एकाच शेजाऱ्यापुरता असेल, तर त्याला सार्वजनिक उपद्रव म्हणणे कठीण जाते आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवण्याचा मार्ग उरतो.

दुर्गंधी, माश्या आणि साचलेली विष्ठा ही तक्रारीची भक्कम कारणे होत. आरवण्याचे तसे नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि कोंबडा नेमका या वेळेच्या शेवटी आरवतो. परंतु ही मर्यादा परिसरातील सरासरी ध्वनिपातळीची आहे. २०१९ मध्ये पुण्यात पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध एका महिलेने पोलिसांकडे तक्रार अर्ज दिला होता आणि त्याची बातमी देशभर झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्धचा दावा न्यायालयाने फेटाळला. तेथे २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारसा मानणारा कायदा झाला. भारतात असा कायदा नाही.

रोगनियंत्रण

खुराड्याच्या मालकावर सर्वांत जड पडणारा कायदा हा पशुरोगांचा आहे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला; २०२१ मध्ये तेथे तो पुन्हा आढळला. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अनुसूचित रोगाची शंका येताच मालकाने ती कळवणे बंधनकारक आहे. उद्रेक झाल्यास बाधित क्षेत्रातील घरगुती कोंबड्याही नष्ट केल्या जातात, मग त्या निरोगी दिसत असल्या तरी. भरपाई मिळते ती सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. त्यामुळे मरतूक लपवणाऱ्याचे आर्थिक नुकसानही होते. मानमोडी रोगानेही कोंबड्या एकाएकी मरतात. त्यामुळे नेमके निदान तपासणीनंतरच होते.

पक्ष्यांची वागणूक

प्राणिक्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार पक्ष्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे गुन्हा आहे. सदनिकेच्या गॅलरीतील लहान पिंजऱ्याला हे कलम सरळ लागू पडते. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये इतकाच असून तो एका कोंबडीच्या किमतीहूनही कमी आहे. कोंबड्यांच्या झुंजी लावणे याच कलमाखाली गुन्हा ठरते.