जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये अडकलेले ७०,००० रुपये



साताऱ्यातल्या माझ्या दुकानात साउंडबार, होम थिएटर, ब्लूटूथ स्पीकर असा सगळा नवा माल. तीन वर्षांपूर्वी डोक्यात खूळ शिरलं. लोकांना जुनं आवडतंय ना, मग जुनंच विकू! जुने वाडे रिकामे होत होते, तिथून १४ रेकॉर्ड प्लेअर उचलले. ७०,००० रुपये गेले, तेही दिवाळीच्या मालासाठी ठेवलेले. बीबीएला वर्किंग कॅपिटलवर मला चांगले मार्क होते, हे मुद्दाम सांगतो.

माणसं थांबायची. "आमच्याकडं होता असला!" म्हणायची, फोटो काढायची आणि ब्लूटूथ स्पीकरची किंमत विचारायची. सहा महिन्यांत विकले गेले दोन. दिवाळीचा माल त्या वर्षी उधारीवर भरला. बायकोशी दोन दिवस धड बोलणं नव्हतं.

मग सांगलीहून एक तात्या आले. विकत घ्यायला नाही, स्वतःचा प्लेअर घेऊन. मुलानं नवा साउंडबार आणला होता, त्याला जोडला तर आवाज मुंगीएवढा. गाणंही रडत चालायचं.

आता कारण बघा. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल फार कमजोर असतो. मध्ये फोनो प्रीअॅम्प लागतो, तो त्यांच्याकडं नव्हता. रबरी बेल्ट सैल पडला होता, म्हणून तबकडी हळू फिरत होती. शिवाय वडिलांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ते एलपीच्या सुईवर लावत होते. ७८ ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. त्यातली एक होती मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब गेले १९३७ साली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तात्या चष्मा काढून ऐकत बसले.

बेल्ट, दोन सुया, प्रीअॅम्प आणि मजुरी. तात्यांनी घासाघीस न करता पैसे दिले. साउंडबार घेणारा मात्र आधी मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवतो!

तिथं माझी ट्यूब पेटली. ज्याला जुनं हवंय, त्याच्या माळ्यावर ते आधीच पडलंय. माल त्याचा, भांडवल त्याचं, मला फक्त ते चालू करून द्यायचंय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे केव्हापासून चालतं. तंबोरा एकदा विकला जातो, पण जवारी काढायला गिऱ्हाईक परत येतं.

सारेगामानं २०१७ मध्ये कारवां आणला, तोही असाच बघण्यासारखा. रूप जुन्या रेडिओचं, आत ५,००० गाणी भरलेली, ना सुई ना बेल्ट. त्यांनी जुनं यंत्र विकलंच नाही. अर्थात गाण्यांचे हक्क त्यांच्याकडं होते, तुमच्या-माझ्याकडं नाहीत, त्यामुळं ती नक्कल करायला जाऊ नका.

उरलेल्या १२ पैकी ११ प्लेअर मी आता सुट्या भागांसाठी उघडतोय. एक काउंटरवर नव्या स्पीकरला जोडून चालू ठेवलाय. त्यावर पाटी आहे: "विक्रीसाठी नाही. तुमचा घेऊन या."