फोलपटासोबत दाणा जाऊ नये

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टपाल खात्यात मी तेहेतीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी अकोल्याला आणि शेवटची काही अमरावतीला. निवृत्त झालो तेव्हा वाटले, आता पत्रांच्या ढिगाशी आपला संबंध संपला. पण मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या पोरांनी गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि "काका रिकामेच आहेत" म्हणून मला त्याचा ॲडमिन करून टाकले. आज या ग्रुपमध्ये चारशेच्या वर माणसे आहेत. गावात राहणारी आहेत, नोकरीसाठी पुण्याला गेलेली आहेत, लग्न होऊन यवतमाळला, वाशीमला गेलेल्या लेकी आहेत. दिवसाला शंभर-दीडशे संदेश येतात. म्हणजे ढीग काही सुटला नाही, फक्त टेबल बदलले.

ॲडमिन म्हणजे ज्याच्याकडे दाराची किल्ली असते तो. माणसाला आत घेणे, बाहेर काढणे त्याच्या हातात असते. २०२२ पासून दुसऱ्याने टाकलेला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोयही त्याला मिळाली. मला वाटे, यात काय अवघड आहे? वाईट दिसले की काढून टाकायचे. हे काम किती जोखमीचे आहे ते मला २०२४ च्या पावसाळ्यात कळले.

जुलै महिना होता. रात्री साडेअकराच्या सुमारास ग्रुपवर एक फाइल आली. नाव 'पीएम किसान' आणि शेवटी एपीके ही तीन अक्षरे. पाठवणारा आमच्याच गावातला, तिशी ओलांडलेला, चार एकर कोरडवाहूत सोयाबीन आणि तूर घेणारा पोरगा. पाठोपाठ तीच फाइल दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. काहीतरी लफडे आहे एवढे मला समजले. मी फाइली पुसल्या, त्याला ग्रुपमधून काढले आणि शांतपणे झोपी गेलो.

खरी गोष्ट नंतर कळली. ती फाइल त्याने पाठवलेलीच नव्हती. दोन दिवस आधी एका नातेवाइकाच्या नंबरावरून त्याला तीच फाइल आली होती. "हप्ता अडकला आहे, केवायसी करा," असे सोबत लिहिलेले. हप्त्याची वाट पाहणाऱ्या माणसाने ती उघडली, ॲप फोनमध्ये बसवले आणि ते जी जी परवानगी मागेल ती देत गेला. अशा ॲपला एसएमएस वाचायची परवानगी एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी चोराला आयता दिसतो. त्याच्या खात्यातून १९ हजार रुपये गेले आणि त्याच्याच नावाने फाइल ओळखीच्या सगळ्यांकडे निघाली. मी ज्याला चोर समजलो त्याचेच घर फुटलेले होते.

मधल्या दोन महिन्यांत मी त्याला एक फोनही केला नाही. सप्टेंबरच्या पावसात शेतांत पाणी साचले. त्या वर्षीच्या पीकविम्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. ती कशी द्यायची हे कृषी सहायकांनी आमच्या ग्रुपवर टाकले होते आणि बऱ्याच जणांनी वेळेत कळवले. या पोराला पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी तो घरी आला. बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "काका, मले काहून काढलं होतं? येक फोन तं करा लागत होता."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

न मागता, घाऊक भावाने येणाऱ्या संदेशांना 'स्पॅम' म्हणतात. हे मुळात १९३७ साली अमेरिकेत निघालेल्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एक विनोदी प्रसंग दाखवला गेला. त्यातल्या हॉटेलात जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि त्याच शब्दाच्या घोषात बाकीचे बोलणे बुडून जाते. तिथून हा शब्द संगणकाच्या दुनियेत आला. तसा पहिला प्रकार ३ मे १९७८ चा. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर गॅरी थ्युर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. लोक चिडले, पण काही संगणक खपले. स्पॅम आजवर का टिकला याचे उत्तर तिथेच आहे. पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, आणि हजारात एक जरी फसला तरी फायदा.

मग ईमेलसाठी चाळण्या निघाल्या. सुरुवातीला शब्दांची यादी असे. 'बक्षीस' दिसले की फेका, 'कर्ज' दिसले की फेका. पण 'कर्ज' हा शब्द फसव्या जाहिरातीत येतो तसा सेवा सहकारी सोसायटीच्या सूचनेतही येतो. सुक्यासोबत ओलेही जळू लागले. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका लेखात मांडलेली पद्धत त्यानंतर लोकप्रिय झाली. तिच्या मुळाशी गणित आहे ते अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचे. यंत्राला हजारो चांगली आणि हजारो वाईट पत्रे द्यायची. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे ते मोजते. 'बक्षीस' वाईट ढिगात जास्त, 'तूर' आणि 'मूर्तिजापूर' चांगल्या ढिगात जास्त. नवे पत्र आले की सगळ्या शब्दांचा एकत्र हिशेब करून ते वाईट असण्याची शक्यता किती, हे यंत्र सांगते.

पण किती शक्यतेला पत्र अडवायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. घरी आई सुपाने धान्य पाखडायची ते आठवा. हात हलका पडला तर फोलपट दाण्यात राहते. हात जड पडला तर फोलपटासोबत दाणाही उडतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारे सूप अजून कोणी बनवलेले नाही.

व्हॉट्सॲपवर अडचण आणखी वेगळी आहे. एप्रिल २०१६ पासून तिथला प्रत्येक संदेश बंद पाकिटात जातो. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय तो कोणी वाचू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. टपालातही आम्ही पाकीट फोडत नसू, पण एकच माणूस रोज दोन हजार पाकिटे पेटीत टाकू लागला तर लक्षात येईच. कंपनीही तेच पाहते. नवे खाते किती वेगाने संदेश पाठवते, किती लोक त्याला ब्लॉक करतात, किती जण तक्रार करतात. आपण 'रिपोर्ट' दाबतो तेव्हा त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच संदेशपर्यंत कंपनीकडे जातात. अशा खुणांवरून भारतातली लाखो खाती दर महिन्याला बंद होतात. २०२१ च्या नियमांनुसार कंपनी त्याचे मासिक अहवालही प्रसिद्ध करते.

त्यात एखादा निर्दोष माणूस सापडणारच. म्हणून दाद मागायची सोय ठेवलेली आहे. खाते बंद झाले तर तिथल्या तिथे फेरतपासणी मागता येते. त्यानंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे अर्ज करता येतो. या समित्या २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. हे वाचले तेव्हा मला माझी लाज वाटली. कोट्यवधी खाती सांभाळणाऱ्यांकडे अपिलाची खिडकी आहे, आणि चारशे माणसांच्या माझ्या ग्रुपमध्ये ती नव्हती.

मग सगळे ढिले सोडावे का? तसेही नाही. दुसऱ्या बाजूची चूक किती महाग पडते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, हातोहात फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. बंदी घातली नाही, फक्त वेग कमी केला. अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर ७० टक्के घटल्याचे कंपनीने सांगितले.

आपल्याकडचेही आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. तिथेही इंटरनेट बंद करावे लागले. इंटरनेट बंद करणे म्हणजे सूपच बाजूला ठेवून सगळे पोते बांधून टाकणे. अफवा थांबते, तशी बाजारभावाची चौकशी आणि दवाखान्याचा निरोपही थांबतो. ती वेळ येऊ द्यायची नसेल तर दारावरच्या माणसाने जागे राहिले पाहिजे.

बरेच ॲडमिन मला विचारतात, "सदस्यानं वाईट काही टाकलं तर पोलीस आपल्याले पकडतील का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. तेव्हा भीतीपोटी दिसेल त्याला काढायचे कारण नाही. पण कायद्याने सोडले म्हणून गावाने सोडले असे होत नाही. माझ्यावर कुठला खटला झाला नव्हता, तरी त्या पोराचे नुकसान माझ्यामुळेच झाले.

त्यानंतर आम्ही ग्रुपवर चार नियम लिहून टाकले. पहिला, काय चालणार नाही ते आधीच सांगायचे. एपीके फाइल, पैशाची योजना, आणि कुणी पाहिले ते ठाऊक नसलेली बातमी चालणार नाही. दुसरा, घातक संदेश ताबडतोब पुसायचा, पण माणसाला काढण्याआधी त्याला साधा फोन करायचा. व्हॉट्सॲपवर नाही, कारण तिथे चोर बसलेला असू शकतो. तिसरा, काढलेच तर कारण सांगायचे आणि खाते सुरक्षित झाले की परत घ्यायचे. चौथा, ॲडमिन एकटा नको. आता आम्ही तिघे आहोत आणि त्यात एक ताई आहेत. माझा निर्णय चुकला असे वाटले तर लोक त्यांच्याकडे जातात, आणि जातातच.

बाकीचे काम प्रत्येकाचे आपापले. स्पॅम आता फक्त अनोळखी माणसाकडून येत नाही, ओळखीच्या खात्यातूनही येतो. म्हणून आपले खाते सांभाळणे म्हणजे शेजाऱ्याचे घर सांभाळणे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असते. तिथे सहा आकडी पिन लावा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भावालासुद्धा सांगू नका. खाते पळवले गेलेच तर आपल्या नंबराने पुन्हा नोंदणी करून नवा कोड टाका, चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते, पण तोवर त्यालाही ते खाते वापरता येत नाही. फसवे ॲप बसले असेल तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, ॲप काढा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या क्रमांकाला कळवा. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. आणि साध्या एसएमएसच्या बाबतीत, सरकारी संदेशाच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता इंग्रजी 'जी' असतो आणि जाहिरातीच्या शेवटी 'पी'. ते अक्षर पाहायची सवय लावा.

तो पोरगा ग्रुपमध्ये परत आला. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. विम्याचे पैसे काही त्याला मिळाले नाहीत. तो फारसे बोलत नाही, पण कुणाच्या खात्यावरून भलतीच फाइल आली की मला पहिला फोन त्याचाच येतो. "काका, काढू नका त्याले. मी पाह्यतो, घरी जाऊन येतो."

तो जाऊन येतो तोवर मी थांबतो.