पैठणी नको, काळवीट दाखवा!

'वीकेंडला येवल्याला चाललेय,' म्हटल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणींनी थेट पैठणीचे रंगच सांगायला सुरुवात केली! पण मला बघायची होती काळवीटं. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या माळरानावर त्यांचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, २०१४ साली जाहीर झालेलं.

पहाटे गावातले एक काका वाटाड्या म्हणून गाडीत बसले. अर्ध्या तासात कळप दिसला. फिकट तपकिरी माद्या आणि मध्ये पीळदार शिंगांचा, काळाभोर नर. एकदम हीरो! मी कॅमेरा घेऊन दार उघडणार, तोच काका म्हणाले, "ताई, उतरू नका. उन्हाळा आहे, पाणी कमी. आपण पळवलं की त्यांची तहान वाढते. मग पाणी शोधत वस्तीकडं येतात. कधी कुत्री गाठतात, कधी विहिरीत पडतात."

ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर पळणारा हा प्राणी माझ्या एका फोटोसाठी पळणार होता. मी दार हळूच ओढून घेतलं. काचेतूनच बघत राहिलो. कळप निवांत चरत होता.

तुम्हीही जा. पण स्थानिक माणूस सोबत घ्या, वाट सोडू नका, हॉर्न तर विसराच. माझा फोटो? धूसर आलाय. तरी डेस्कटॉपवर तोच लावलाय!