व्यसनमुक्तीनंतरचा मुक्काम

ओला माल वाळविल्यावाचून कोठारात भरावयाचा नाही, हे आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांना कोणी सांगावे लागत नाही. वरून चांगला दिसणारा दाणा आत ओला असला, तर थप्पी तापते. मालाच्या बाबतीत पाळलेला हा नियम माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही विसरलो.

आमच्या अडतीवरील एक दिवाणजी दारू सोडण्याचे उपचार घेऊन परतले. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना गादीवर बसविले. तीच संध्याकाळ, तेच सोबती, घरी जाण्याचा तोच रस्ता! पोळ्यापर्यंत ते सावरून होते. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवशी पुन्हा प्याले. दोष आम्ही त्यांना दिला. निम्मा आमचा होता.

उपचाराने शरीरातील विष उतरते, परंतु सवय मोडण्यास कित्येक महिने लागतात. त्या मधल्या काळासाठी संक्रमण-निवास असतो. अमेरिकेत १९७५ साली 'ऑक्सफर्ड हाऊस' या नावाचे पहिले घर निघाले. तेथील रहिवासी स्वतः कमावून भाडे भरतात व कारभार बहुमताने चालवितात. जो पुन्हा पितो, त्याला घर सोडावे लागते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभारले. तेथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यास महत्त्व असून, बरे झालेले कित्येकजण तेथेच कार्यकर्ते झाले. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही अशा मधल्या निवासांचा उल्लेख आहे.

असा निवास म्हणजे रुग्णालय नव्हे. फार पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम वैद्यकीय उपचार, नंतर निवास, हाच क्रम योग्य.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा होऊन सौसर त्यात आले. या दोन गावांच्या व्यापाऱ्यांना मिळून दारूच्या दुकानापासून दूर एक घर भाड्याने घेणे अशक्य नाही. निवासातील माणसास दिवसा काम द्यावे, त्याच्या संमतीने पगार पत्नीच्या हाती द्यावा आणि तिजोरीची किल्ली सावकाश सोपवावी.

सप्तव्यसनांत मद्याचा निषेध आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत 'स्थितीकरण' हेही एक आहे. ढळलेल्यास पुन्हा स्थिर करणे, हा त्याचा अर्थ. आमचे दिवाणजी आज पुन्हा उपचार घेत आहेत. ते परततील तेव्हा त्यांनी कोठे उतरावे, याचा विचार सभासद बंधुभगिनींनी येत्या सभेत करावा, ही नम्र विनंती.