मंजूर नकाशा आणि सिमेंटचा व्यापारी

बांधकाम परवाना हा नगरपालिकेच्या दृष्टीने केवळ एक नियामक कागद असतो. इमारतीची उंची, सामासिक अंतरे, चटईक्षेत्र नियमांत बसते की नाही, एवढेच त्यावरून पाहावयाचे असते. परंतु त्याच कागदाकडे सिमेंटचा विक्रेता, सळईचा घाऊक व्यापारी किंवा फरशीचा कारखानदार पाहू लागला की त्याचा अर्थ पालटतो. अमुक ठिकाणी इतके चौरस मीटर बांधकाम होणार, म्हणजे थोड्याच महिन्यांत तेथे अमुक इतका माल खपणार, अशी ती मागणीची आगाऊ वर्दीच ठरते. मागणीचा अंदाज शिकविताना आम्ही फळ्यावर वक्ररेषा काढतो. येथे मात्र मागणी स्वतःचा पत्ता लिहून सरकारी दप्तरात दाखल झालेली असते.

अमेरिकेतील व्यापारी जगाने हे फार पूर्वी ओळखले. फ्रेडरिक डॉज या गृहस्थाने १८९१ मध्ये बॉस्टन येथे नियोजित बांधकामांच्या खबरा गोळा करून त्या वर्गणीदार पुरवठादारांना विकण्याचा व्यवसाय आरंभिला. तो इतका फोफावला की १९६१ मध्ये मॅग्रॉ-हिल या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने तो विकत घेतला. तेथील जनगणना खाते घरबांधणीच्या परवान्यांचे आकडे दरमहा प्रसिद्ध करते आणि तेजीमंदीची पूर्वसूचना देणाऱ्या निर्देशांकात त्यांना मानाचे स्थान आहे.

आपल्याकडे सामग्रीची वाण आहे असे नाही. स्थावर संपदा अधिनियम २०१६ चा. महाराष्ट्रातील त्याचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मे २०१७ पासून काम करू लागले. विक्रीसाठी बांधावयाचा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवर आणि आठांहून अधिक सदनिकांचा असेल, तर त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि विकासकाने दर तिमाहीस प्रगतीचा तपशील जाहीर करावयाचा असतो. कोणीही घरबसल्या तो पाहू शकतो. पण तालुक्याच्या गावी स्वतःपुरते घर बांधणारा शिक्षक, दुमजली दुकान उभारणारा किराणा व्यापारी, हे या नोंदणीत येत नाहीत. त्यांची नोंद नगररचना विभागाच्या कपाटात किंवा आता संगणकात असते, आणि गावातल्या लहान पुरवठादाराचे खरे गिऱ्हाईक तेच असते.

परवाना म्हणजे घर नव्हे, हे येथे विसरता कामा नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या ४८ व्या कलमानुसार परवानगी एक वर्ष टिकते. पुढे वर्षावर्षाने अधिकाधिक तीन वर्षे वाढवून मिळते. म्हणजे आज मंजूर झालेला नकाशा चार वर्षे कागदावरच राहू शकतो. कर्ज अडते, भाऊबंदकीचा दावा उभा राहतो, मुलीचे लग्न ठरते. परवानगी ज्येष्ठात हाती आली तर पाया बहुधा पावसाळा ओसरल्यावरच खणला जातो, आणि तेव्हाही पितृपक्ष टाळून दसऱ्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये घरबांधणी आरंभाच्या निर्देशांकाचा विचार केला, तेव्हा परवान्यांवरून प्रत्यक्ष आरंभ किती व केव्हा होतात हे पाहणीने ठरविणे आवश्यक मानले, ते याच कारणाने. जो व्यापारी मंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो, त्याची खेप बहुधा फुकट जाते.

शिवाय प्रत्येक मालाची वेळ निराळी. प्रारंभ प्रमाणपत्रानंतर खडी, वाळू, सळई आणि सिमेंट यांची पाळी, जोत्याची तपासणी झाली की विटा, स्लॅब पडल्यावर नळकाम आणि वीजजोडणीचे सामान, गिलाव्यानंतर फरशी, आणि भोगवटा प्रमाणपत्र जवळ येईतो रंगवाला. फरशीच्या दुकानदाराला नव्या परवान्यापेक्षा सहा-आठ महिन्यांपूर्वीच्या जोते-तपासणीची यादी अधिक मोलाची. विटा आणि खडी हा तर वजनाने भारी, मोलाने हलका माल. चार कोस अधिक वाहिला की नफा वाहतुकीतच जिरतो. त्यामुळे ‘कोठे’ ही माहिती येथे ‘किती’ या माहितीइतकीच महत्त्वाची असते.

आता मुख्य प्रश्न असा की, ही माहिती कोणाला मिळते? जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की माहिती शोधण्यासही खर्च पडतो, आणि एकाच वस्तूला बाजारात निरनिराळ्या किमती टिकून राहतात त्या त्यामुळे. मोठी कंपनी पगारी माणसे नेमून हा खर्च सहज सोसते. लहान व्यापारी शिपायाला चहापाणी देतो, नकाशे काढणाऱ्याच्या कचेरीत बसून राहतो, किंवा गवंड्याला टक्केवारी कबूल करतो. ती टक्केवारी अखेर पोत्याच्या दरात चढते आणि घर बांधणाराच ती भरतो. सार्वजनिक खर्चाने तयार झालेली नोंद अशी खाजगीत विकली जावी, यात नवल वाटेनासे झाले आहे एवढेच.

वस्तुतः माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या चौथ्या कलमात, ज्यांना परवाने वा सवलती दिल्या त्यांचा तपशील प्राधिकरणांनी आपणहून प्रसिद्ध करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. व्यापाऱ्याला अर्ज करण्याची गरजच पडू नये.

पण घरमालकाचीही एक बाजू आहे, आणि ती मला अधिक नाजूक वाटते. आयुष्यभराची पुंजी व बँकेचे कर्ज घालून घर बांधणाऱ्या माणसाचा दूरध्वनी मंजुरीच्या आठवड्यातच वाजू लागतो. सळई, टाक्या, खिडक्या, वास्तुदोष-निवारण, सगळेच त्याच्या सेवेस हजर! नंबर यांना दिला कोणी, हे त्याला कधीच कळत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमावर विसंबावे, तर कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर राहते. तेव्हा काळजी घ्यावयाची ती प्रसिद्धीपूर्वीच. परवाना इमारतीला मिळतो; मालकाच्या खिशातील दूरध्वनीला नव्हे.

दरमहा एक यादी लावावी: प्रभाग, भूखंड क्रमांक, परवानाधारकाचे नाव, बांधकामाचे क्षेत्र, वापर, मंजुरीची व जोते-तपासणीची तारीख, आणि नकाशा सादर करणाऱ्या परवानाधारक वास्तुविशारदाचे वा अभियंत्याचे नाव. चौकशी करावयाची ती त्या कचेरीत करता येईल, कारण तो त्यांचा व्यवसायच आहे. मालकाचा दूरध्वनी व घरचा पत्ता त्यात नसावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पदही नको. हा सारा तपशील दप्तरात आहेच. विरोध झालाच तर तो आज हीच यादी पाकिटाच्या मोबदल्यात पुरविणाऱ्यांकडून होईल, आणि तो लेखी स्वरूपात कधीच येणार नाही.